मिशनरी, पंडित आणि पाणवठा : वऱ्हाडच्या संदर्भात एक विचार

१

परक्या देशातून आलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने येथील दैनंदिन जीवनाशी कितपत जुळवून घेतले, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून हाताळला गेला आहे. मिशनऱ्यांनी मराठी शिकून व्याकरणे, कोश व नियतकालिके निर्माण केली, ह्यातच एका पक्षाला त्यांच्या समरसतेचा पुरावा दिसतो. दुसऱ्या पक्षाला त्यांचा बंगला, टोपी आणि काटा-चमचा दिसतात, व ते अखेरपर्यंत परकेच राहिले असा निर्णय तो देऊन टाकतो. दोन्ही पक्षांजवळ पुरावा आहे. परंतु दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही की, जुळवून घेणे ही एकच अखंड क्रिया असून ती एकतर घडते अथवा घडत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ह्या क्रियेचे निदान दोन थर मानावे लागतात. भाषा, हवामान, प्रवास ह्या गोष्टी पैसा, वेळ आणि चिकाटी ह्यांच्या बळावर साध्य होतात. त्यांसाठी समाजातील आपले स्थान बदलावे लागत नाही. पाणी, अन्न, बसावयाची जागा आणि संबोधन ह्यांचे तसे नाही. ह्या गोष्टी दुसऱ्याने दिल्याशिवाय मिळत नाहीत, आणि देणारा त्या स्वतःच्या अटींवर देतो. पहिल्या थरावर मिशनरी पुष्कळ दूरवर गेला. दुसऱ्या थरावर तो क्वचितच उतरला. ह्या दोहोंमध्ये जे अंतर राहिले ते चालून जाण्याचा भार मुख्यतः त्याच्या एतद्देशीय सहकाऱ्यांवर पडला. मिशनच्या इतिहासात त्यांची नावे तळटीपेत येतात. वस्तुतः हा इतिहास त्यांच्यापासून सुरू व्हावयास हवा.

विवेचनासाठी वऱ्हाडचा प्रदेश घेतला आहे, आणि मोजपट्टी म्हणून बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. पूर्णेच्या उत्तरेकडील ह्या पट्ट्यात काळी कपाशीची जमीन आहे. उत्तरेस सातपुड्याची रांग आहे. दक्षिणेस नदी ओलांडली की शेगाव आणि रेल्वे लागते. पूर्णेच्या दोन्ही अंगांस पसरलेला खारपाणपट्टा ह्या तालुक्यातही आहे. बोली वऱ्हाडी, डोंगराच्या बाजूस कोरकू आदी आदिवासी समाजांची वस्ती. मिशनची ठाणी रेल्वेच्या, कचेरीच्या आणि व्यापाराच्या गावी असत. अशा अंतर्भागातील गावाशी मिशनरीचा संबंध येई तो दौऱ्यापुरता. म्हणूनच हे गाव मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे. ठाण्याच्या आवारात मिशनरी यजमान असे; असल्या गावात तो पाहुणा होता, आणि जुळवून घेण्याची परीक्षा पाहुण्याचीच होत असते.

२

वऱ्हाडकडे वळण्यापूर्वी मराठीतील पहिल्या मोठ्या उदाहरणाचा विचार करणे अगत्याचे आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचला आणि १६१९ मध्ये मृत्यू पावेपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, मुख्यतः साष्टी भागात राहिला. १५८३ मध्ये आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांचे ग्रीक व लॅटिन ह्यांच्या रचनेशी असलेले साम्य नोंदविले. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, प्रसिद्ध झाले.

ह्या ग्रंथाची भाषा आणि छंद ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्याची उत्पत्तिकथा. नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, आमची जुनी पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास काही नको काय? ग्रंथाचा आरंभ असा मागणीतून होतो. स्टीफन्सने पुराण हा प्रकार निवडला तो केवळ साहित्यिक आवडीने नव्हे. फावल्या वेळी एकत्र बसून पुराण ऐकण्याची जी सवय गावात होती, ती मोडून पडल्यावर निर्माण झालेली पोकळी त्याला भरून काढावयाची होती. त्याने श्रोत्याचे आसन, वेळ आणि कान ओळखले होते. हे दैनंदिन जीवनाचे ज्ञान होय, केवळ कोशातील शब्दांचे नव्हे.

परंतु ह्याच उदाहरणाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ती पुराणे बंद झाली होती ती पोर्तुगीज सत्तेच्या बळावर. गोव्यात धर्मन्यायासन १५६० मध्ये स्थापन झाले होते. १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट ग्रामस्थांच्या हातून मारले गेले, त्यामागे देवळांच्या विध्वंसाचा रोष होता. स्टीफन्सच्या ओवीचे माधुर्य आणि ही सक्ती एकाच काळी, एकाच तालुक्यात नांदत होती. पुढे १६८४ मध्ये तर त्याच राज्यसत्तेने स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. म्हणजे भाषेच्या थरावरील असामान्य समरसता ही सामाजिक थरावरील समतेची खूण असतेच असे नाही, हा पहिला धडा गोव्याने घालून दिला.

त्याच शतकात इतरत्र जे प्रयोग झाले ते ह्याच संदर्भात तपासून पाहावेत. चीनमध्ये मातेओ रिची ह्याने प्रथम बौद्ध भिक्षूचा वेष घेतला. पण त्या वेषास तेथील विद्वानांच्या समाजात मान नाही असे दिसून येताच १५९५ पासून त्याने पंडिताचा झगा स्वीकारला. मदुरेस १६०६ पासून राहिलेल्या रॉबर्ट द नोबिली ह्याने संन्याशाची वस्त्रे, शाकाहार आणि ब्राह्मण आचारी पत्करला, आणि परिणामी हीन मानलेल्या जातींच्या ख्रिस्ती लोकांपासून त्याला दूर राहावे लागले. ह्या दोघांवर राजसत्तेचे छत्र नव्हते. म्हणून त्यांना यजमानांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. मात्र अटी मान्य करणे म्हणजे त्या समाजाची उतरंडही मान्य करणे, हे नोबिलीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. कोणत्या समाजाशी जुळवून घ्यावयाचे, हा प्रश्न येथे प्रथम उभा राहतो, आणि वऱ्हाडातही तो सुटत नाही.

३

एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यास मराठी शिकावी लागे ती पगारी पंडिताकडून. सेरामपूरच्या विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीत छापलेला कोश प्रसिद्ध केला. ह्या कामी त्याचा आधार होता नागपूरकडील वैजनाथ पंडित. ही गोष्ट सूचक आहे. बंगालमध्ये बसून मराठी शिकणाऱ्या केरीच्या कानी पडली ती पूर्वेकडील मराठी. मुंबई व पुणे भागांतील वाचकांस त्याचे मराठी खटकले, ह्याचे एक कारण त्याचे परकेपण, तर दुसरे त्याच्या पंडिताचा प्रांत होय. विद्यार्थी जी भाषा बोलतो ती त्याच्या गुरूची असते, हा सामान्य नियम येथे लागू पडतो.

पुढे पारडे नेमके उलट फिरले. १८३१ मध्ये मोल्सवर्थ व कँडी बंधू ह्यांचा कोश निघाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली. शाळाखाते, छापखाने आणि परीक्षा ह्यांच्या द्वारा पुणे-मुंबईकडील शिष्टांची मराठी ही प्रमाण ठरली. अमेरिकन मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट, १८१३ मध्ये मुंबईस आले होते. ह्या मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. ह्या परंपरेत तयार झालेली भाषा, प्रार्थना आणि गीते हीच पुढे सर्व मराठी मुलखातील मिशनांची सामाईक शिदोरी झाली.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा झाला, आणि कपाशीच्या व्यापाराबरोबर ह्या प्रदेशाची दारे उघडली. मिशने आली ती ह्याच वाटेने. अमेरिकेतील अलायन्स मिशनने अकोला, खामगाव, मलकापूर ह्या रेल्वेकाठच्या गावी ठाणी वसविली. बुलढाण्यास लेटन ट्रेसी हा कॅनडातून आलेला मिशनरी १९०४ मध्ये येऊन राहिला. त्याच्या कार्यातून पुढे ह्या जिल्ह्यात नाझरेन मंडळी वाढली. ह्या नवागतांच्या हाती मराठीची जी साधने पडली ती पश्चिमेकडे घडलेली होती. पंडितापुढे बसून त्यांनी ‘मला’, ‘पाणी’, ‘काळा’, ‘करीत आहे’ असे रूप गिरवावे, आणि बाजारात उभे राहताच ‘मले’, ‘पानी’, ‘काया’, ‘करून राहिला’ असे ऐकावे, हा अनुभव अटळ होता. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीची ही वैशिष्ट्ये नोंदलेली आहेत. परंतु शिष्टसंमत मराठी हीच शुद्ध आणि बोली ही बिघडलेली, असा पंडिताचा ग्रह असल्यामुळे परकी विद्यार्थीही तोच ग्रह घेऊन गावात जात असे.

ह्याचा परिणाम उच्चारापुरता मर्यादित नव्हता. ग्रामस्थाने प्रमाण मराठी ऐकली होती ती तलाठ्याकडून, मास्तराकडून आणि कोर्टातल्या कारकुनाकडून. मिशनरी त्याच भाषेत बोलू लागला की तो त्याच पंक्तीत जाऊन बसे. त्याने कष्टाने संपादन केलेली भाषा त्याला गावाच्या जवळ नेण्याऐवजी कचेरीच्या जवळ नेत असे. वावर, कुटार, डवरा, वखर हे शब्द कोशात शोधून सापडत असले, तरी ते कोणत्या वेळी, कोणत्या सुरात आणि कोणाशी बोलावयाचे हे पंडितास ठाऊक नसे; ते ठाऊक असे गाडीवानास, स्वयंपाक्यास आणि गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकास.

ह्या नियमास दोन उल्लेखनीय अपवाद आहेत. पहिला सातपुड्यातील. कोरकू लोकांत काम करण्यासाठी स्थापन झालेल्या मिशनचे जॉन ड्रेक ह्यांनी कोरकू भाषेचे व्याकरण लिहिले. ते १९०३ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. येथे पंडितच नव्हता. लिखित परंपरा नसलेल्या ह्या भाषेचा गुरू म्हणजे बोलणारा माणूस, आणि तो ज्या रीतीने बोलेल तीच शुद्ध. साहजिकच ड्रेक ह्यांस शिष्ट आणि ग्राम्य ह्या वादात पडावे लागले नाही. दुसरा अपवाद पंडिता रमाबाईंचा. त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले ते अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे अशा सोप्या मराठीत. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ते पुरे केले आणि १९२४ मध्ये ते छापून झाले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी केडगावच्या मुक्तिसदनातील बायकांना परकी वाटते, हे ओळखावयास संस्कृतात पारंगत असलेली एक मराठी स्त्रीच पुढे यावी लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

४

आता दुसऱ्या थराकडे वळू. हवामानाने मिशनऱ्याची परीक्षा कठोरपणे घेतली. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडून परतताना, जवळची औषधे रुग्णांना वाटून टाकल्यावर, स्वतः पटकीने वाटेतच वारला. नागपूरला १८४५ मध्ये आलेला स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून मरण पावला. वऱ्हाडात उन्हाळा अधिक कडक, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचे चाक अडकून बसे. त्यामुळे मिशनऱ्याच्या वर्षाचे वेळापत्रक ठरून गेले होते: पावसाळ्यात ठाण्यावर शाळा व दवाखाना, दिवाळीनंतर तंबू घेऊन दमणीने अथवा छकड्याने दौरा, आणि चैत्र-वैशाखात शक्य असल्यास चिखलदऱ्याची थंड हवा. शेतकऱ्याचे वर्ष ह्याच्या नेमके उलट असे. सुगी आणि कपाशीची वेचणी ह्यांच्या धामधुमीत मिशनरी गावात हजर, आणि पेरणीच्या ओढीच्या, उसनवारीच्या दिवसांत तो गैरहजर. ज्या ऋतूत गावाच्या अडचणी सर्वांत तीव्र असतात, तो ऋतू त्याने पाहिलेलाच नसे. अपवाद दुष्काळाचा. १८९६-९७ आणि विशेषतः १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अन्न, काम आणि अनाथ मुलांना आसरा दिला, आणि त्या वर्षी प्रथमच मिशनरी व गाव एकाच ऋतूत एकत्र सापडले.

पाण्याचा प्रश्न ह्याहून गहन होता. खारपाणपट्ट्यात विहीर खणली तरी पाणी गोड लागेल ह्याची हमी नसते; म्हणून जेथे गोडे पाणी आहे ती विहीर गावाच्या सामाजिक रचनेचा मध्यबिंदू बनते. ती कोणाची, तिच्यावर कोणी चढावयाचे, कोणाच्या घागरीत वरून पाणी ओतावयाचे, हे सर्व ठरलेले असे. तंबू ठोकून उतरलेल्या गोऱ्या पाहुण्याला पाणी मिळे, परंतु ते त्याने विहिरीवर जाऊन काढलेले नसे. कोणीतरी आणून दिलेले असे. तो स्पर्शास्पर्शाच्या व्यवस्थेबाहेरचा असल्यामुळे तिला विटाळही लावू शकत नव्हता आणि तिच्यात शिरूही शकत नव्हता. त्याच्याबरोबर आलेला उपदेशक मात्र बहुधा अस्पृश्य मानलेल्या समाजातून आलेला असे, आणि त्याला ह्या व्यवस्थेचा पहिला तडाखा बसे. बाप्तिस्म्याने त्याचा धर्म बदलला होता. विहिरीवरची त्याची जागा बदलली नव्हती. सार्वजनिक तळ्यावरील पाण्याच्या हक्कासाठी महाडचा सत्याग्रह १९२७ मध्ये करावा लागला, ह्यावरून ही व्यवस्था किती चिवट होती हे कळून येते.

मिशनने ह्यावर काढलेला तोडगा म्हणजे आवारातील स्वतःची विहीर. बंगला, शाळा, चर्च, ख्रिस्ती कुटुंबांच्या खोल्या आणि मध्ये सर्वांस मोकळी अशी विहीर, ही मिशनच्या आवाराची ओळखीची मांडणी होय. त्या विहिरीचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. जेथे कोणत्याही जातीच्या माणसाने आपल्या हाताने पाणी काढावे अशा मोजक्या जागा तत्कालीन मुलखात होत्या, त्यांत ही एक होती. परंतु तिचा दुसरा परिणाम असा झाला की, गावाच्या विहिरीशी झगडण्याचा प्रसंगच टळला. आवारात समता नांदली आणि आवाराबाहेरची विषमता जशीच्या तशी राहिली. जुळवून घेण्याचा प्रश्न सुटला नाही. त्याला कुंपण पडले.

अन्नाचेही तेच. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि ठेचा हे पदार्थ परक्या जिभेला रुचतात की नाही, हा दुय्यम प्रश्न आहे. सवयीने पुष्कळ गोष्टी रुचू लागतात. खरा प्रश्न, ते कोणाच्या घरी आणि कोणाच्या पंक्तीस बसून खावयाचे हा होता. महारवाड्यात जेवलेल्या मिशनऱ्यास गावातील कुणब्याच्या ओसरीवरही सावधपणेच बसविले जाई. आणि ओसरीचा मान राखण्यासाठी महारवाड्यातील भाकर नाकारली, तर त्याच्या उपदेशाला अर्थ राहत नसे. नोबिलीपुढे मदुरेस उभी राहिलेली निवड येथे प्रत्येक दौऱ्यात, प्रत्येक जेवणाच्या वेळी नव्याने उभी राहत होती. बहुतेकांनी ती टाळली ती स्वतःचा स्वयंपाकी बरोबर नेऊन. तंबूतले जेवण हे ह्या दृष्टीने केवळ आवडीनिवडीचे लक्षण नसून पक्ष न घेण्याची ती एक युक्ती होती.

स्त्री-मिशनऱ्यांची स्थिती थोडी निराळी होती. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये आल्या आणि अहमदनगर येथील मुलींच्या शाळांत त्यांनी आयुष्य वेचले. पुरुषांना जे माजघर बंद होते ते ह्या स्त्रियांना काही अंशी उघडले. अकोल्याकडे दीर्घकाळ काम केलेल्या जेनी फुलर ह्यांचे भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवरील पुस्तक १९०० मध्ये पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले, ते अशा प्रवेशामुळेच शक्य झाले. त्यात मिशनचा दृष्टिकोण स्पष्ट आहे. तथापि चार भिंतींआडचे जीवन पाहिलेल्या डोळ्यांची ती साक्ष आहे. मात्र ह्या भेटीही एकट्याने होत नसत. सोबत असे ती बायबल-बाई, बहुधा विधवा अथवा परित्यक्ता मराठी स्त्री. उंबरठ्यावर प्रथम बोलणे तिचे होई, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून एकटीने चालावयाचे तेही तिलाच.

५

ह्या अंतराची जाणीव मिशनच्या आतही होती, आणि ती सर्वांत तीव्रतेने व्यक्त झाली ती एका मराठी माणसाकडून. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. उपासनेत विलायती चालींऐवजी भजन आणि कीर्तन ह्यांना स्थान मिळावे म्हणून त्यांनी आयुष्यभर खटपट केली. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यांचा आक्षेप मिशनऱ्यांच्या हेतूवर नव्हता. मिशनरी मालक आणि एतद्देशीय नोकर ह्या नात्यावर होता. पगार ज्याच्या हाती, त्याच्याशी बंधुभाव संभवत नाही, हे त्यांनी स्वतःच्या कृतीने मांडले. १९१९ मध्ये ते वारले.

हा विचार ज्या इंग्रजाने उचलला तो जॅक विन्स्लो. अहमदनगर भागात काम करीत असता त्याच्यावर टिळकांचा प्रभाव पडला. १९२३ मध्ये त्याने टिळकांचे चरित्रही लिहिले. १९२२ मध्ये त्याने ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला, व पुढे पुण्यास त्याचा आश्रम झाला. युरोपियन आणि भारतीय सभासदांनी एकाच छपराखाली राहावे, खादी नेसावी, जमिनीवर मांडी घालून साधे शाकाहारी अन्न एकत्र खावे, असा तेथील क्रम होता. वेषापेक्षा पंक्ती महत्त्वाची, हे तत्त्व मराठी मुलखात परकी मिशनऱ्यांनी येथे संस्थेच्या नियमात घातले.

ह्याच संघात १९२७ मध्ये आलेला व्हेरिअर एल्विन ह्याहून पुढे गेला. १९३२ मध्ये तो शामराव हिवाळे ह्या मराठी सहकाऱ्याबरोबर मैकल डोंगरातील करंजिया येथे गोंड लोकांत राहावयास गेला. तेथे त्याने धर्मांतराचे काम केले नाही. काही वर्षांत चर्चशी असलेला संबंधही संपला, आणि १९३९ च्या बैगा जमातीवरील ग्रंथाने तो मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखला जाऊ लागला. गोंड लोक त्याला ‘बडा भाई’ आणि शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणत. ह्याच्या शेजारी बुलढाण्याच्या ट्रेसीचे उदाहरण ठेवावे. त्याच्या कन्येने लिहिलेल्या चरित्राच्या शीर्षकातच त्याचा निर्देश ‘ट्रेसी साहेब’ असा आहे, आणि तो प्रेमाने केलेला आहे. साहेब आणि भाई ह्या दोन संबोधनांतील अंतर हे कोणत्याही अहवालापेक्षा अधिक बोलके आहे. कारण संबोधन स्वतःला घेता येत नाही, ते गावाने द्यावे लागते.

एल्विनचे उदाहरण दाखवून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की, पुरतेपणी जुळवून घेतलेला मिशनरी मिशनरी राहत नाही. हा निष्कर्ष घाईचा ठरेल. विन्स्लो अखेरपर्यंत धर्मोपदेशक राहिला. खरा मुद्दा एवढाच की, दुसऱ्या थरावर उतरणाऱ्यास आपल्या संस्थेशी असलेले नाते बदलावे लागले: टिळकांना वेतन सोडावे लागले, विन्स्लोला नवा संघ काढावा लागला, एल्विनला चर्च सोडावे लागले. मिशनच्या प्रस्थापित रचनेत राहून हे अंतर ओलांडता येत नव्हते, ही गोष्ट व्यक्तीच्या सद्भावनेच्या उणिवेपेक्षा रचनेवर अधिक प्रकाश टाकते.

६

ह्या विवेचनाचा अर्थ मिशनऱ्यांचे परिश्रम क्षुल्लक होते असा नव्हे. आपले घर सोडून, चिखलात आणि साथीत, अपरिचित भाषेत आयुष्य घालविणाऱ्या माणसांविषयी कृतज्ञता वा मतभेद, दोन्ही प्रामाणिकपणे बाळगता येतात. परंतु इतिहासलेखकाने हिशेब नीट मांडला पाहिजे. महिपतीच्या ‘भक्तविजया’चे इंग्रजी भाषांतर जस्टिन ॲबट ह्यांच्या नावाने ओळखले जाते, त्यावर पंडित नरहर गोडबोले ह्यांचेही नाव आहे, ही गोष्ट प्रामाणिकपणाची खरी, पण विरळा. बहुतेक ठिकाणी पंडित, उपदेशक, बायबल-बाई, गाडीवान आणि स्वयंपाकी हे अनाम राहिले. मिशनऱ्याने नव्या संस्कृतीशी जुळवून घेतले असे आपण म्हणतो, तेव्हा वस्तुतः ह्या मध्यस्थांनी एकाच वेळी दोन संस्कृतींशी जुळवून घेतलेले असते, आणि त्यांना चिखलदऱ्यास अथवा मायदेशी रजेवर जाण्याची सोय नसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त ह्या ओढाताणीचे अंतरंग पाहावयास मिळते. पती १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेईपर्यंत अन्नपाण्याचे नियम त्यांना एकेक करून मनाशी झगडत सोडावे लागले. कोणत्याही परकी मिशनऱ्याला इतका अवघड प्रवास, इतक्या थोड्या अंतराचा, करावा लागला नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथून संशोधनाच्या काही वाटा दिसाव्यात. मिशनचे वार्षिक अहवाल दात्यांसाठी लिहिलेले असतात. त्यांत धर्मांतरांची संख्या असते, पाण्याची सोय नसते. परंतु त्याच मिशनांच्या खर्चाच्या वह्यांत पंडिताचा पगार, विहिरीचे बांधकाम, दौऱ्यातील बैलांचे भाडे ह्या नोंदी सापडतात, आणि दैनंदिन जीवनाचा इतिहास अशा रुक्ष नोंदींतच दडलेला असतो. त्यांच्या जोडीला गावाची बाजू हवी. संग्रामपूर, जळगाव जामोद, खामगाव ह्या तालुक्यांतील वयोवृद्ध ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर कुटुंबांच्या स्मरणात दौऱ्याच्या, दवाखान्याच्या व शाळेच्या ज्या हकीकती असतील, त्या वऱ्हाडी बोलीतच, बोलणाऱ्याच्या शब्दांत, उतरवून घ्याव्यात. त्यांचे प्रमाण मराठीत शुद्धीकरण करू नये. पंडिताने मिशनऱ्याकडून करविलेली चूक संशोधकाने पुन्हा करण्याचे कारण नाही.

अशा संशोधनात पहिला प्रश्न मिशनऱ्यास किती मराठी येत होती हा नसावा. त्याला पाणी कोणी दिले, त्याच्याबरोबर जेवावयास कोण बसले, गावाने त्याला कोणत्या नावाने हाक मारली, आणि तो निघून गेल्यावर त्या गल्लीत मागे कोण राहिले, हे प्रश्न आधी विचारावयास हवेत. वरवट बकालसारख्या गावाच्या पाणवठ्यावरून पाहिले म्हणजे ते आपोआपच विचारले जातात.